आमची वाटचाल : सायलेन्सर उघडल्याशिवाय भाव नाही

आमचं दुकान मूळचं पाण्याच्या पंपांचं. वडील जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायचे, मी फवारणीचे पंप आणि ग्रासकटर बघायचो. दापोलीत तेवढं काम पुरायचं. चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायच्या मशीन, वर्षाला दोन-चार यायच्या, त्याही चेनला धार लावायला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्याकडच्या नारळी-पोफळी, आंबे एका दुपारी आडवे झाले. दोन-चार दिवसांत दुकानाच्या ओटीवर गोणपाटात गुंडाळलेल्या चेनसॉची रांग. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या मशीन लोकांनी काढल्या आणि सकाळपासून काळोख पडेपर्यंत पिळल्या. तक्रार सगळ्यांची एकच, ‘तापली, बंद पडली, आता उठतच नाही.’

एका बागायतदार काकांच्या मशीनला मी कार्बोरेटरचा डायफ्राम आणि नवा प्लग घातला, चालू करून दिली, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी काका परत. गार असताना कशीबशी चालू होते, पहिला ओंडका संपायच्या आत मरते. “तुझ्या हातात चालते रे, माझ्या हातात नाय,” एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

लाईट नव्हतीच. रात्री बॅटरीच्या उजेडात सायलेन्सर काढला आणि त्या भोकातून पिस्टन पाहिला. नखाला लागतील अशा उभ्या चरा, रिंग खाचेत चिकटून बसलेली. स्टार्टरचं कव्हर खोललं तर सिलिंडर गार ठेवणाऱ्या पात्यांमध्ये तेलकट भुसा इतका घट्ट की स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. वारा जायला जागाच नाही. त्यात कार्बोरेटरमागचा रबरी बूट चिरलेला. तिथून फुकटची हवा आत जायची आणि तिच्या मानाने पेट्रोल कमी पडायचं. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी. मी प्लग बदलत बसलो होतो!

पैसे परत दिले. लॉकडाऊनमुळे पिस्टन-सिलिंडरचं किट यायला पंधरा दिवस गेले. बूट बदलला, मजुरी लावली नाही.

तेव्हापासून तापलेली मशीन आली की स्विच बंद करून आधी दोरीच्या मुठीला धरून उचलतो. सरसर खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं, अडत अडत उतरली तर जीव आहे. मग सायलेन्सर उघडतो, त्याआधी दुरुस्तीचा भाव सांगत नाही. पिस्टन गुळगुळीत दिसला तरच प्लगला करंट देणाऱ्या कॉइलकडे वळतो. कॉइलची खोड अशी की गार असताना करंट चोख, तापली की गायब, अर्ध्या तासाने पुन्हा हजर. ती तापलेलीच तपासायला हवी, म्हणून दुकानामागे ओंडके ठेवलेत आणि गिऱ्हाइकाला चहा देऊन थांबवतो.

आज आम्ही तिघं आहोत, चालणाऱ्या मॉडेलची किटं फळीवर असतात. तरी काही मशीन परत पाठवतो. क्रँकचं, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं, सील कडक होऊन हवा ओढत असेल आणि ते बदलायची तयारी नसेल, तर नवा पिस्टनही तसाच जळणार. गिऱ्हाईक रागावतं, दुसरीकडे जातं. जाऊ दे.

काकांची मशीन अजून चालते. पावसाळ्याआधी घेऊन येतात, आणि कव्हर खोललं की माझ्याआधी तेच वाकून पात्यांत बघतात.