तुम्ही विचारलेत म्हणून: कातडीच्या आजाराला हृदयाची तपासणी कशाला?

सोरायसिस हा कातडीचा आजार असताना मी दर वर्षी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि यकृत यांच्या तपासण्या का करून घेते, असे मला नातेवाइकांनी, शाळेतल्या सहकाऱ्यांनी आणि एकदा औषधांच्या दुकानदारानेही विचारले आहे. विचारण्यामागे काळजी असते हे मला मान्य आहे. पण ‘ही फार वाचते आणि उगाच घाबरते’ असे मत बहुतेकांनी आधीच बनवलेले असते आणि माझे उत्तर पुरे होण्याआधी विषय एखाद्या मलमाकडे वळतो. म्हणून एकदा सलग लिहिते. हा आजार स्पर्शाने होत नाही हे तुम्ही जाणता, माझ्या हातचा चहा तुम्ही इतकी वर्षे घेत आला आहात, तेव्हा ते पुन्हा सांगत नाही.

चट्टे कातडीवर दिसतात, पण बिघाड प्रतिकारशक्तीच्या कामात असतो. निरोगी कातडीतली पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. चट्ट्यात तेच काम काही दिवसांत उरकते, कारण दाह पेटता ठेवणारे टीएनएफ आणि इंटरल्युकिन-17 यांसारखे रेणू तिथे सतत तयार होत असतात. हा दाह कोपर-गुडघ्यांवरच थांबेल असे नाही. सांध्यांचे अस्तर, स्नायूबंध हाडाला जोडले जातात त्या जागा, क्वचित डोळा आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला, तोही हा दीर्घकालीन, वेदनादायक आणि अपंगत्व आणू शकणारा आजार आहे असे मानून.

तरुणपणी मात्र मीच सर्वांना सांगत असे की हे वरवरचे आहे, आत काही नाही. घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि ते वाक्य मला हवे होते. त्या मुलीशी मी आजही मनात वाद घालते. ती म्हणते, विशीतच मला सांधे आणि हृदय यांचे भय घातले असते तर मी जगले असते कशी? मी म्हणते, निदान टाच दुखू लागली तेव्हा तरी तुला काही सुचले असते. दोघींपैकी कोणाचे खरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कारण सुरुवात टाचेपासूनच झाली. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेच्या मागे कळ येई आणि तासाभराने कमी होई. चप्पल बदला, असे सांगण्यात आले, मी बदलली. पुढे उजव्या हाताची तर्जनी सुजली. एखादाच सांधा नव्हे, तर मुळापासून टोकापर्यंत सबंध बोट रताळ्यासारखे झाले. मी गणित शिकवते, फळ्यावर लिहिल्याशिवाय माझा तास होत नाही, आणि खडू धरला की वेदना मनगटापर्यंत जाई. युरिक अॅसिड तपासले, ते योग्य निघाले. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह आला आणि हाडांच्या डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवत म्हटले, “वात नाही, निर्धास्त राहा. या वयात बायकांना होतंच.” कॅल्शियमच्या आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. त्याच काळात त्वचेच्या डॉक्टरांकडून मलम चालू होते. तिथे सांध्यांबद्दल कोणी विचारले नाही आणि इथे चट्ट्यांबद्दल कोणी विचारले नाही. दोन्ही ठिकाणच्या फायली आमच्या एकाच कपाटात होत्या.

सूज वाढत गेली तेव्हा आम्ही साताऱ्याहून पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. त्या बाईंनी फाईल उघडली नाही. त्यांनी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि आधी नखे पाहिली. नखांवर बारीक खळगे होते, दोन नखे कडेला मांसापासून सुटली होती. सतत पाण्यात हात असल्याने तसे होते, अशी माझी समजूत होती. मग त्यांनी कानामागे पाहिले, केसांत भांग पाडून पाहिले, बेंबी पाहिली, मोजे काढायला लावून टाचेच्या मागची शीर हाडाला जिथे चिकटते तिथे अंगठा दाबला, आणि मी ओरडले. सकाळी उठल्यापासून मूठ वळायला किती वेळ लागतो, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, कधी कधी शाळेची पहिली घंटा होईपर्यंत. तोवर हे मी यजमानांनाही सांगितले नव्हते आणि ते माझ्याकडे बघतच राहिले.

हा सोरायसिसचाच संधिवात आहे, असे त्या म्हणाल्या. त्यात आरए फॅक्टर सहसा निगेटिव्हच असतो, त्यामुळे तो कागद आजार नसल्याचा पुरावा ठरत नाही. सोरायसिसच्या दर 10 रुग्णांपैकी तिघांपर्यंत तो होऊ शकतो, बहुतेकदा चट्ट्यांनंतर बऱ्याच वर्षांनी, आणि चट्टे थोडे असले तरीही. एक्स-रेमध्ये तर्जनीच्या टोकाकडच्या सांध्याजवळ हाडाची कड झिजलेली दिसली. यजमानांनी विचारले, “औषधाने भरून येईल ना, डॉक्टर?” त्या म्हणाल्या, “झालेलं भरून येणार नाही. पुढचं थांबवायचा प्रयत्न करू.” निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी सांध्यांचे नुकसान वाढलेले आढळते, हे मी नंतर वाचले. माझा उशीर त्याहून पुष्कळ मोठा होता. ती तर्जनी आता पूर्ण वाकत नाही आणि मी खडू मधल्या बोटाच्या आधाराने धरते. मी घाबरट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे बोट पाहावे.

आता हृदयाविषयी. 2006 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदींवरून सोरायसिसच्या सुमारे 1,30,000 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब हे सगळे हिशेबात धरूनही या रुग्णांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अधिक आढळला. आजार तीव्र असलेल्या तिशीतल्या रुग्णात तो तुलनेने सुमारे तिप्पट होता. तिशीत मुळातला धोकाच लहान असतो, हेही तितकेच खरे आहे. माझ्या हृदयात अद्याप काही सापडलेले नाही, आणि ‘मग कशाला?’ असे तुम्ही म्हणालात तर माझ्याजवळ तुम्हाला गप्प करणारे उत्तर नाही. साखर मात्र काठावर आली आहे. ती सोरायसिसमुळे, वाढलेल्या वजनामुळे की आईकडून आलेली, हे कोणीही वेगळे करून सांगू शकत नाही. वजन उतरवले तर चट्टे, सांधे आणि साखर तिन्हींना फायदा होतो हे मला ठाऊक आहे. पाऊल टेकवत नाही त्या दिवशी ‘रोज चालायला जा’ हे ऐकताना किती राग येतो, हे मात्र तुम्हाला ठाऊक नाही.

आणि ज्याबद्दल कोणी विचारत नाही, तेही सांगते. खांद्यावर पडणाऱ्या खपल्यांमुळे मी गडद साड्या सोडल्या आणि मग हळदीकुंकवाला जाणेच सोडले. या आजारात नैराश्याचे प्रमाण अधिक असते. त्याचे औषध मी काही काळ घेतले आहे आणि त्याचा मला उपयोग झाला.

राहिला प्रश्न मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे या आजारासाठी मी घेते त्या गोळीचा. ‘ते तर कर्करोगाचे औषध ना?’ असे तुम्ही विचारता. होय, ते कर्करोगातही वापरतात, पण मोठ्या मात्रेत. माझी मात्रा लहान आहे आणि ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून गोळीचा दिवस आमच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेला असतो. जोडीला फॉलिक अॅसिड असते. यकृताला इजा होऊ शकते, म्हणूनच ती रक्ततपासणी. नाव-गाव नसलेल्या ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुड्या कृपा करून आणू नका. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते आणि ते एकाएकी थांबले की सोरायसिस अंगभर उसळू शकतो.

मागच्या अहवालात यकृताचे आकडे थोडे वाढलेले होते. ते पुन्हा वाढले तर डॉक्टर जैविक इंजेक्शनांचा, म्हणजे टीएनएफसारख्या दाह पेटवणाऱ्या रेणूंना अडवणाऱ्या औषधांचा, विचार करू म्हणतात. त्यासाठी आधी सुप्त क्षयरोगाची तपासणी करावी लागेल आणि पुढचा खर्च आमच्या दोघांच्या पगारांना सहज पेलणारा नाही. यजमान म्हणतात, कर्ज काढू. मी म्हणते, आहे त्या बोटांवर निवृत्तीपर्यंत निभावेन. यावर आमचे एकमत झालेले नाही.