तुम्ही विचारलंत म्हणून: आत सांगाडा नसतो

दर हिवाळ्यात माझ्या घरापुढच्या अंगणात माणसापेक्षा उंच असे एखादे हिमशिल्प उभे राहते आणि येणारेजाणारे फाटकापाशी थांबून बहुधा एकच प्रश्न विचारतात: आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा असेल ना? नसतो. आत हिमाशिवाय काहीही नसते, आणि तसे ते नसावे असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या वर्षी मी आधार घालून पाहिला होता. बसलेल्या हत्तीची सोंड उचललेली हवी होती, म्हणून तिच्यात एक जाड काठी बसवली. काठी जागची हलत नाही. हिम मात्र स्वतःच्याच भाराने दिवसेंदिवस खचत आणि सरकत राहते. त्यामुळे काठीभोवती पोकळी निर्माण झाली, वरच्या पातळ थरातून आत पोहोचलेल्या उन्हाने काळपट लाकूड तापले आणि तिसऱ्या दुपारी सोंड मुळापासून निखळली. त्या हत्तीची हळहळ मला अजून वाटते. त्यानंतर केलेल्या प्रत्येक हत्तीची सोंड छातीला टेकलेली आहे.

मग हिम उभे कशावर राहते? पाण्याच्या ओलाव्याने ते चिकटते, असा सर्वसाधारण समज आहे. ओल्या हिमाच्या गोळ्यापुरता तो खराही आहे, पण मोठ्या शिल्पाचे बळ वेगळ्या क्रियेतून येते. हिमकणांच्या टोकदार कडांवरचे पाण्याचे रेणू वाफेच्या रूपाने सुटतात आणि दोन कण एकमेकांना टेकतात त्या खोलगट जागी पुन्हा गोठतात. अशा रीतीने कणाकणांत बर्फाचे सांधे तयार होऊन ते जाड होत जातात. धातूची भुकटी न वितळवता नुसती तापवून एकजीव करतात, त्याच जातीची ही क्रिया आहे, फक्त हिमाला वेगळी भट्टी लागत नाही, कारण कडाक्याच्या थंडीतही ते आपल्या वितळणबिंदूच्या तसे जवळच असते. त्याला लागतो तो वेळ. म्हणून फळ्यांच्या बिनबुडाच्या साच्यात वीतभर थर टाकायचा, पायांनी नीट तुडवायचा, त्यावर पुढचा थर टाकायचा आणि साचा भरल्यावर किमान एक रात्र, जमल्यास दोन रात्री, त्याला हातही लावायचा नाही. माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा न करण्याचाच आहे.

हिम किती लागते, याचा अंदाज सहसा चुकतो. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच साचा म्हणजे 10 घनमीटर. तुडवलेल्या हिमाचे वजन घनमीटरला साधारण 450 किलो धरले, तर हा ठोकळा साडेचार टनांचा होतो. ताजे, भुसभुशीत हिम घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरते. म्हणजे 15 सेंटीमीटर हिमवर्षाव झाला असेल, तर 300 चौरस मीटर जागा खरवडावी लागते. शेजाऱ्यांनी आपल्या वाटेवरचे हिम माझ्याकडे आणून टाकले नसते, तर माझे एकही शिल्प छातीच्या वर गेले नसते. यंत्राविना हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना मी जपानमधल्या साप्पोरो शहराची आठवण करून देतो. तिथला जगप्रसिद्ध हिमोत्सव 1950 साली शाळकरी मुलांनी ओदोरी उद्यानात उभारलेल्या सहा पुतळ्यांपासून सुरू झाला.

कोरताना वरून खाली यावे, म्हणजे पडणारा चुरा झालेल्या कामावर साचत नाही आणि खालचा भाग शेवटपर्यंत जाड राहतो. ठोकळ आकारासाठी फावडे आणि करवत पुरते. निघालेला तुकडा बसवायला हिम आणि पाणी कालवून केलेला लगदा लावतात. उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येते व ती बाजू आधी झिजते, म्हणून चेहरा मी शक्यतो उत्तरेकडे ठेवतो.

थंडी ओसरू लागली की मात्र मी रोज सकाळी ओळंबा लावून पाहतो. आत आधार नसलेले काही टनांचे शिल्प एका बाजूला कलू लागले, की मुलांना दूर ठेवून ते मी स्वतः फोडतो. त्या दिवशी तुडवलेले सगळे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. ज्यांना अजून सांगाड्याची शंका वाटते, त्यांनी तेव्हा जरूर यावे.