होस्टिंग कोणाचं घेऊ?

छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे ओळखीतल्या कोणाचाही फोन आला की गाडी शेवटी इथेच येते. "होस्टिंग कोणाचं घेऊ? एक नाव सांगून टाका." परवाही तसाच फोन आला. मी सवयीनं उलट विचारलं, "डोमेन कोणाच्या नावावर आहे?"

पलीकडे शांतता. मग, "ते त्या मुलानं केलं होतं ना, साइट बनवली त्यानं."

इथेच घोडं अडतं. होस्टिंग ही तुमची साइट ठेवायची भाड्याची जागा आहे. पटली नाही तर सामान उचलून दुसरीकडे जाता येतं. डोमेन, म्हणजे साइटचं '.com'वालं नाव, ही तुमची पाटी, आणि तीच दुसऱ्याच्या खात्यात असली तर भारीतलं भारी होस्टिंग घेऊन काय करणार? म्हणून आधी डोमेन स्वतःच्या खात्यात घ्या, शक्यतो होस्टिंगवाल्यापेक्षा वेगळ्या कंपनीकडे. खात्याला ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? 'डॉट कॉम' मुदत संपून रद्द झालं तरी पुढचे 30 दिवस जुन्या मालकाला ते सोडवता येतं, पण त्याचे जादा पैसे मोजावे लागतात.

आता होस्टिंग. जाहिरातीतल्या '99.9 टक्के अपटाइम'चा हिशेब एकदा करून बघा. वर्षाचे तास 8,760, त्याचा हजारावा भाग पावणेनऊ तास. म्हणजे वर्षातून पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी त्यांचा शब्द मोडत नाही. मोडलाच, तर अटींमध्ये बहुधा बिलात थोडी सूट लिहिलेली असते. बुडालेल्या ऑर्डरी तुमच्याच. 'अनलिमिटेड'चंही तसंच. जागा अमर्याद म्हणतात आणि फायलींची संख्या मात्र मोजून देतात. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या पानावर, तिला 'आयनोड' म्हणतात. बऱ्याच सर्व्हरवर आलेला प्रत्येक ईमेल ही एक फाइल असते, त्यामुळे कधीच न उघडलेल्या जाहिरातींच्या मेलनी ती मर्यादा भरलेली मी पाहिली आहे. ईमेल वेगळ्या सेवेवर ठेवा, हे मी त्यासाठीच सांगतो. उद्या होस्टिंग बदललं तरी मेल जागचे हलत नाहीत.

एसएसएलचे, म्हणजे साइटच्या पत्त्याला 'https' मिळवून देणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे मागत असतील तर कारण विचारा. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा 2015 पासून ते प्रमाणपत्र फुकट देतं, आणि साध्या दुकानाच्या साइटला तेवढं पुरतं.

बॅकअपबद्दल मात्र मी जरा जास्तच बोलतो, कारण हात पोळले आहेत. एका रात्री एका गिऱ्हाइकाच्या साइटचं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) अपडेट केलं आणि साइटवर नुसतं पांढरं पान. घाबरलो नाही, होस्टिंगवाल्यांचा रोजचा बॅकअप होता. पॅनेलमध्ये तारखा ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीपुढे हिरवी टिक. कालची फाइल उतरवून उघडली, तर डेटाबेस (ऑर्डरी आणि मजकूर साठवलेली फाइल) 0 केबी, म्हणजे रिकामा. परवाची, 0 केबी. आठही दिवसांच्या फायली तशाच. शेवटी माझ्या लॅपटॉपवरची अकरा दिवसांपूर्वीची प्रत चढवली. मधल्या ऑर्डरी मालकांनी दुसऱ्या दिवशी हातानं भरल्या. मी ईमेलमधून नाव, माल, पत्ता वाचत होतो, ते टाइप करत होते, आणि एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बॅकअप दुसरीकडे हवा, हेही खरं. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचे बॅकअप त्याच जागी होते त्यांचे तेही गेले. पण दुसरीकडे ठेवलेली फाइलसुद्धा तीन महिन्यांतून एकदा उघडून, कुठेतरी चढवून बघितल्याशिवाय मी तिला बॅकअप म्हणत नाही.

कंपनी पारखायची माझी रीत साधी आहे. पैसे भरायच्या आधी, रविवारी रात्री, त्यांना एक प्रश्न पाठवा: "उद्या मला साइट दुसरीकडे न्यायची झाली तर सगळा डेटा एकत्र उतरवून घेता येईल का, आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचा दर काय?" सरळ उत्तर आलं तर घ्या. उत्तराऐवजी प्लॅनचा तक्ता आला तर पुढची कंपनी बघा. तीन वर्षांचं एकदम भरलं तर स्वस्त पडतं, तरी पहिल्यांदा वर्षभराचंच घ्या.

एवढं सगळं ऐकून परवाचे गृहस्थ म्हणाले, "बरं, पण नाव?" मी दोन नावं सांगितली. त्यांनी अजून त्यातलं एकही घेतलेलं नाही. सध्या त्या मुलाचा नवा नंबर शोधतायत.