तुम्ही विचारलंत म्हणून: केळ्यात बी का नसते?

वनस्पतीशास्त्र शिकवतो आणि राहतो जळगाव जिल्ह्यात, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही प्रश्न चुकत नाही: ‘सर, केळ्यात बी का नसते? लॅबवाल्यांनीच काढून टाकली ना?’

नाही हो. टिश्यू कल्चर, म्हणजे लॅबमध्ये झाडाच्या तुकड्यापासून रोपं वाढवणं, कालपरवाचं; बिनबियांचं केळं माणूस हजारो वर्षं खातोय. कारण केळीच्या पेशीतच आहे.

परागकण किंवा बीजांडातली अंडपेशी घडायची तर पेशीला आपली गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे धागे, निम्मी करावी लागतात. आधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते. मग आईकडचं आणि बापाकडचं सारखं गुणसूत्र एकमेकांना बिलगतं, थोड्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि दोघं दोन टोकांना जातात. दुसऱ्या विभाजनात प्रती सुट्या होतात. रानटी केळीत गुणसूत्रं २२, निम्मी ११. हिशेब चोख.

आपल्या बागांतल्या जी-नाईन या केळीच्या जातीत मात्र ३३ आहेत, म्हणजे प्रत्येक प्रकारची तीन-तीन. तिघांची जोडी लावणार कशी? दोन एकीकडे, एक दुसरीकडे, आणि कोण कुठे जाईल याला धरबंध नाही. अकराही प्रकारांतली दोन-दोन नेमकी एकाच बाजूला पडण्याची शक्यता, साध्या गणिताने, १०२४ मध्ये १. बाकी पेशींत काही जास्त, काही कमी. त्यातून बी धरणं जवळपास अशक्य. केळं आडवं कापा, मधोमध काळे ठिपके दिसतील. ती न फळलेली बीजांडं.

गंमत म्हणजे हे ३३ आले तेही याच विभाजनाच्या घोटाळ्यातून. कधीतरी एका पेशीत निम्मं करणं राहूनच गेलं आणि २२ ला ११ येऊन मिळाली. फलन न होताच गर भरण्याचा गुण पूर्वजांकडून आलेला, म्हणून फळ तरी धरलं.

मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, लावा नाहीतर लॅबची रोपं, दोन्हीकडे निम्मं न करणारं साधं विभाजन आणि जवळपास हुबेहूब नक्कल. बाग एकसारखी निसवते, म्हणजे घड एकदमच बाहेर पडतात, व्यापारी खूश. पण केळीची झाडं वाळवणाऱ्या पनामा रोगाच्या बुरशीलाही हेच हवं असतं. विसाव्या शतकात मध्य अमेरिकेतल्या ग्रो मिशेल जातीच्या बागा तिने उद्ध्वस्त केल्या. त्या जागी कॅव्हेंडिश गट आला, आपली जी-नाईन त्यातलीच. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. रोगाला दाद न देणारी जात संकरातून काढायची तर बी हवी. म्हणून संशोधक जातात त्या २२ वाल्या रानकेळींकडे, ज्यांच्या फळात गर थोडा आणि दातांखाली येणाऱ्या टणक बियाच फार.