तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीच्या हातातला डाएटचा टिन

"ते डाएटचं कोल्ड्रिंक पोरीला कशाला देतेस? त्याने कॅन्सर होतो म्हणे." गुहागरच्या बाजारात, हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, कुठेही मला हे कोणीतरी विचारतंच. दरवेळी मी विषय बदलते. आज बदलत नाही. लेकीला टाइप वन मधुमेह आहे, इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करत नाही.

आधी कॅन्सरचं. जुलै २०२३ मधली बातमी तुमच्यापर्यंत अर्धीच पोचली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डाएट कोल्ड्रिंकमध्ये साखरेऐवजी घालतात त्या अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात, म्हणजे २बी मध्ये घातलं, हे खरं. पण हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने जुनीच मर्यादा कायम ठेवली: दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम. लेकीचं वजन ४५ किलो, म्हणजे १८०० मिलिग्रॅम. एका टिनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर रोज सहा ते नऊ टिन झाले. ती लग्नाकार्यात एखादा पिते.

आणि त्याच कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, जिथे पुरावा पक्का आहे तिथे, सुपारी आहे. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची. हे मी कोणाला टोचायला सांगत नाही. आमच्या घरात पोफळीवर पैसा आला आहे आणि माझ्या लग्नाचा खर्चही त्यातूनच झाला. पण मांडीवर अडकित्ता घेऊन मला कोणी कॅन्सरचं विचारलं की घशाशी काहीतरी अडकतं, आणि वडीलधाऱ्या माणसाला ते बोलून दाखवता येत नाही.

खरं तर तुमच्या मनात हे बसलं ते बातमीने नव्हे. ते बसलं आमच्या घरच्या गणपतीतल्या त्या रात्री.

पानं मांडली म्हणून तिने इन्सुलिन घेतलं. तेवढ्यात वाडीतली आरतीची मंडळी अंगणात आली. एका आरतीच्या पाच झाल्या, मग मंत्रपुष्पांजली, मग कोणीतरी भजन धरलं. मी मागच्या पडवीत मोदकांच्या शेवटच्या घाण्याशी होते. माझा अंदाज की ती जेवायला बसली असेल. ती माजघरात भिंतीला टेकून होती, घामाने डबडबलेली, हात थरथरत होते, नाव विचारलं तर भलतंच काहीतरी बोलत होती. आधी पाहिलं ते चुलत दिरांनी. ते धावत फ्रिजकडे गेले आणि तिच्यासाठी मुद्दाम आणलेला डाएटचा टिन त्यांनी फोडला, कारण 'तिला साखर चालत नाय' हे त्यांनी मनापासून लक्षात ठेवलं होतं. त्यांची माया खोटी नव्हती. म्हणूनच मला अजून त्यांच्यावर रागावता येत नाही.

मी पोचले तेव्हा टिन रिकामा होता. मशीनवर रक्तातली साखर ५१, म्हणजे फारच कमी. सगळे म्हणत होते, "अगं, प्यायलीय ती, आता बरं वाटेल." थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, ४४. आत्यांनी मोदक पुढे केला. खोबऱ्यातल्या तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. मी आत्यांचा हात बाजूला सारला. देवापुढचा प्रसाद मी ढकलला, हे त्यांना लागलं. अजून लागतं, मला ठाऊक आहे. पेल्यात तीन चमचे साखर विरघळवली आणि घोट घोट पाजली. ती शुद्धीवर होती, गिळत होती, म्हणून पाजता आली. बेशुद्ध असती तर तिच्या तोंडात काहीच घालता आलं नसतं. पंधरा मिनिटांनी ८३. अंगणात अजून झांजा वाजत होत्या.

आणि दुसऱ्या दिवशी वाडीत काय फिरलं? "टिन प्यायली आणि पोर पडली."

नाही हो. पडली आधी, टिन नंतर. जेवणाआधी इन्सुलिन टोचलं आणि जेवण लांबलं, म्हणून ती पडली. टिनने तेच केलं जे तो नेहमी करतो: साखर वाढवली नाही. त्या घडीला ३०० मिलीचं साधं कोल्ड्रिंक दिलं असतं तर त्यातली तीसेक ग्रॅम साखर तिच्या कामी आली असती. जो टिन त्या रात्री निकामी ठरला, तोच लग्नात तिच्यासाठी बरा, आणि कारण दोन्हीकडे एकच. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता सांगताना माझा आवाज चढतो.

पण आजार नुकताच कळला होता तेव्हा मी तुमच्याच बाजूची होते. घरात ताक आहे, सोलकढी आहे, मग रसायनाचा गोडवा हवाच कशाला, असं म्हणायचे. माझ्यातल्या त्या जुन्या बाईशी माझं अजून भांडण चालू आहे. मी तिला सांगते, शहाळ्यातही साखर असते, आणि कोकम सरबत साखरेशिवाय लग्नात कोणी करत नाही. सगळ्या मैत्रिणींच्या हातात ग्लास असताना पाण्याचा पेला धरून बसलेली तेरा वर्षांची मुलगी तू पाहिली नव्हतीस. ती म्हणते, म्हणून जिभेला गोडाचीच सवय ठेवायची? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्या बाजूने आणखीही आहे. २०१४ मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांना दिसलं की सॅकरिन या दुसऱ्या कृत्रिम गोडव्याने उंदरांच्या आणि काही माणसांच्याही आतड्यातले जिवाणू बदलतात आणि साखर पचवायची ताकद बिघडते. डाएट असो की साधं, कोल्यातलं आम्ल दातांना लागतंच. आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की वजन ताब्यात ठेवायला हे गोडवे वापरू नका. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हे मी पुढे जोडते. पण मधुमेह नसताना पोट कमी करायचं म्हणून जे रोज एक टिन पितात आणि मला विचारतात, त्यांच्यासाठी ती नक्की आहे.

राहिली टिनवरची बारीक ओळ: मुलांसाठी शिफारस नाही. ती आपल्याकडे छापलेलीच असते, आणि ती मला टोचते. लेक आता सोळाची. परवा एका मुंजीत तिने ती स्वतःच वाचली आणि विचारलं, "मग मी पिऊ की नको?" मी म्हटलं, आज पी, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तूच विचार. तिने अर्धा प्यायला आणि उरलेला माझ्या हातात दिला.