उद्या जलरंगाचा पहिला क्लास

आजचा अख्खा दिवस सामान गोळा करण्यात गेला, आणि किती छान गेला!

सगळ्यात जास्त वेळ कागदाने खाल्ला. पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. म्हणून ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड म्हणजे अगदी गुळगुळीत नसलेला घेतला. बोट फिरवलं की बारीक खडबड लागते. त्यावर जवळजवळ कोरडा ब्रश ओढला तर रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, मध्ये पांढरे ठिपके उरतात. काटकसर करायचीच तर रंगांत करावी, कागदात नको, असं माझं ठाम मत झालंय.

ब्रश दोनच, एक चपटा आणि एक ८ नंबरचा गोल. गोल ब्रश पाण्यात बुडवून झटकला, तर टोक सुईसारखं जुळून आलं. लगेच तोच घेतला.

रंग मोजकेच. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून इतका सुंदर करडा मिळतो की काळी ट्यूब घेतलीच नाही. पांढरीही नाही; पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा.

पाण्याला दोन बरण्या, जुना सुती रुमाल, मास्किंग टेप. आत्ताच एका तुकड्यावर सगळ्या रंगांचे नमुने काढले. अजून ओले आहेत.