साडेपाचचं जेवण

क्रूझवर जाऊन आलो म्हणलं की लोक पहिलं विचारतात उलट्या झाल्या का, आणि दुसरं विचारतात जेवायला काय होतं. पहिल्याचं उत्तर नाही. जहाज एवढं मोठं की हललेलं कळतच नाही, फक्त रात्री कपाटातले हँगर जरासे किणकिणतात. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना म्हणून हे लिहायला बसलोय, आणि आधीच सांगतो, पेनांगची देवळं आणि फुकेतचा बीच यात काही नाही, त्याचे फोटो टाकलेत फेसबुकवर ते बघा.

आम्ही चौघं. मी, आमच्या मंडळी, माझी थोरली बहीण आक्का आणि दाजी. माझं लातूरच्या मार्केट यार्डात आडतीचं दुकान. आक्का-दाजी धारूरचे, दाजी झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले, गळ्यात माळ. सोयाबीनची गर्दी ओसरली, तूर मुलावर सोपवली आणि निघालो. लातूरहून गाडीनं बीदर, जहीराबाद करत हैदराबाद, तिथनं रात्रीचं विमान आणि सकाळी सिंगापूर. चार रात्रींची ट्रीप, सिंगापूर, पेनांग, फुकेत, मग एक अख्खा दिवस नुसता समुद्र आणि परत सिंगापूर.

पहिला घोळ जहाजात चढायच्या आधीच झाला. आक्कानं वीस-पंचवीस धपाटे, डबाभर ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणलेली. एजंट म्हणला होता काय पण न्या. बंदरावर बॅगा तपासायच्या आधी कळलं की घरी केलेलं काहीच आत नेता येत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीट असलं तरच चालतं. आता टाकून द्यायचं म्हणलं तर आक्का तिथंच बसली असती. मग काय, मरिना बे च्या त्या चकाचक टर्मिनलमधे बाकावर बसून आम्ही चौघांनी जेवढे जातील तेवढे धपाटे हाणले, शेजारच्या एका गुजराती कुटुंबाला दिले, त्यांनी आम्हाला खाकऱ्याचं सीलबंद पाकीट दिलं. ठेचा मात्र कुणी घेईना.

तर त्याच एजंटानं आमचं जेवणाचं टायमिंगही आम्हाला न विचारता टाकलेलं. मोठ्या जहाजावर डायनिंग रूमला संध्याकाळच्या दोन पंगती असतात असं समजा, एक लवकरची आणि एक आठच्या पुढची, आणि ज्यांना वेळ बांधून नको ते कधीपण येणाऱ्यांच्यात नाव घालतात. आम्हाला लवकरची मिळाली, साडेपाच! साडेपाचला आपल्याकडं दुपारचा चहा होतो हो. मी काउंटरवर जाऊन बदलून मागणार होतो पण आक्का म्हणली, "ऱ्हाऊ दे की. आपली आई दिवस बुडायच्या आत जेवायची, तुलाच लाईट आल्यापासून उशिराची सवय लागली." झालं, विषय संपला.

डायनिंग रूम म्हणजे दोन मजली हॉल, मधे झुंबर, पांढरी टेबलक्लॉथ, आणि खिडकीतनं पाणीच पाणी. रोज तेच टेबल, तोच वेटर, त्याच्या हाताखाली एक मदतनीस. दोघांना मिळून पाच टेबलं म्हणजे वीसेक माणसं. वेटरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश. वायान, इंडोनेशिया.

मेनू हातात आला आणि आम्ही चौघं गप्प. एक तर त्यातलं निम्मं वाचता येईना, आणि दुसरं म्हणजे किंमतच नाही. आडतीच्या माणसाला किंमत नसलेला कागद दिसला की पोटात गोळा येतो. पैसे तिकिटातच आलेले असतात हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी पण पहिल्या दिवशी आम्ही एकेकच डिश मागवली. आली ती केवढी, तर परातीएवढ्या ताटलीत मधोमध लिंबाएवढं काहीतरी आणि त्याच्यावर एक पान. दाजी म्हणले, "हे वाढायला सुरुवात झालीय का नैवेद्य दाखवलाय?" मंडळींना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी वायाननं स्वतःच सांगितलं की सर, दोन सूप घ्या, दोन भाज्या घ्या, आवडलं तर परत मागा, काही लागत नाही, फक्त लॉबस्टर आणि काही स्टेकपुढं डॉलर लिहिलेत तेवढे जादा. आणि कोल्ड्रिंक, दारू वेगळी. त्या दिवसापासून आम्ही पोटभर जेवलो.

जेवायच्या आधी दाजी हात जोडून "पुंडलिक वरदे" म्हणतात, घरी म्हणतात तसंच, आवाज कमी न करता. आजूबाजूचे लोक वळून बघायले, मला जरा लाजल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. वायान हातातला ट्रे तसाच धरून थांबला. दाजींचं झाल्यावर त्यानं ट्रे ठेवला, हात जोडले आणि म्हणला, "ओम स्वस्त्यस्तु." दाजी बघतच राहिले. तो बालीचा, तिथले बरेच लोक हिंदूच, आणि त्यांचा नमस्कार म्हणजे हेच. मग दाजींनी त्यांच्या झेडपी इंग्रजीत नावाचा अर्थ विचारला, तर तो म्हणला बालीत बहुतेक घरांत नाव जन्माच्या नंबरावर ठेवतात, पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, पाचवा झाला तर परत वायान.

"म्हंजी ह्येचं नावच थोरल्या हाय व्हय!" आक्का म्हणली. तिला लई मजा वाटली, कारण आक्का म्हणजे तरी काय, थोरली बहीणच, आणि तिचं खरं नाव आमच्या अर्ध्या भावकीला माहीत नाही.

आता शाकाहाराचं. हे नीट वाचा, जाणार असाल तर. जहाजावर व्हेजिटेरियन म्हणलं की मांस-मासे नाही एवढंच, अंडं चालतं असंच धरतात. केकमधे अंडं, पुडिंगमधे अंडं, पास्त्यातपण कधीकधी. दाजींची माळ, त्यामुळं पहिल्या रात्री त्यांनी नुसतं फळ खाल्लं. आम्ही बुकिंगच्या वेळी लिहून दिलेलं होतं पण एजंटानं ते पुढं दिलंच नव्हतं. मग वायाननं हेड वेटरला बोलावलं, तो मंगळूरचा निघाला, हिंदीत सगळं झालं. त्यानं सांगितलं की रोज रात्री जेवण झालं की उद्याचा मेनू तुम्हाला आणून दाखवतो, त्यात खुणा करा, किचन तुमच्यापुरतं वेगळं करील. आणि खरंच केलं. रोज एक डाळ, एक भाजी, भात, रोटी, आणि दाजींना बिनअंड्याचा गोड पदार्थ. डाळ जरा हॉटेली, पण गरम. थंड सूप मात्र दाजींना शेवटपर्यंत पटलं नाही. स्ट्रॉबेरीचं थंडगार सूप, चमच्यानं प्यायचं. "आंबरस आहे का कढी आहे ते एकदा ठरवा," म्हणायचे. मी मात्र रोज दोन वाट्या पीत होतो.

आक्कानं ज्वारीची भाकरी मागितलीच. हेड वेटर म्हणला ज्वारीचं पीठ नाही ताई, आणि असतं तरी भाकरी फुगली नसती, जहाजाच्या किचनमधे उघडी आग चालत नाही, सगळ्या शेगड्या विजेच्या. आगीची भीती समुद्रात पाण्यापेक्षा जास्त. आक्कानं हे मनावर घेतलं आणि मग रोज रोटी उचलून उलटी-पालटी करून बघायची, "इस्तवाबिगर मेल्यांनी बरी भाजलीय" म्हणून सर्टिफिकेट द्यायची.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. आपण काचेच्या ग्लासातनं एक घोट पिला की मदतनीस पोरगा लगेच येऊन भरायचा. एक घोट, की भर. मंडळी शेवटी ग्लासवर हात ठेवून बसायल्या. आम्ही लातूरचे, 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या गावाला, ते स्टेशनवर बघायला गेलेली माणसं आम्ही. अर्धा ग्लास उष्टा ठेवून उठायचं म्हणलं की जीवावर येतं. मी वायानला विचारलं हे एवढं पाणी आणता कुठनं, तर म्हणला बरंचसं इथंच बनतं, समुद्राचं खारं पाणी मशीनमधनं गोडं करतात. तीन-साडेतीन हजार माणसांची आंघोळ, जेवण, पोहायचे तलाव. दाजी बराच वेळ खिडकीतनं पाण्याकडं बघत होते आणि मग म्हणले, "मांजरा धरणाला समुद्र नाही ही एकच अडचण."

बुफेचं थोडक्यात. वरच्या मजल्यावर जवळजवळ दिवसभर चालू, दारात एकजण हातावर सॅनिटायझर मारायला उभा, पोटाची साथ जहाजावर लई लवकर पसरते म्हणून. सकाळी पोह्यासारखं काहीतरी, इडली, पंचवीस प्रकारचे ब्रेड. चांगलं आहे, पण ताट घेऊन जागा शोधत फिरायचं, कोपर लावायचं, आणि भरून घेतलेलं टाकणारी माणसं बघायची. आक्का एकदा आली, परत आली नाही. म्हणली, "बसून जेवावं माणसानं."

पण बसून जेवायलाही तिला जमेना, हीच तर गंमत. जन्मभर सगळ्यांना वाढून शेवटी उरलेल्यात जेवलेली बाई. पहिल्या रात्री खाणं झालं की तिनं सगळ्यांच्या ताटल्या एकात एक रचल्या आणि उठायलाच लागली, वायान पळत आला, नो मॅडम नो मॅडम. त्यांची पद्धत अशी की टेबलावरच्या सगळ्यांचं होईपर्यंत एकाचीही ताटली उचलायची नाही. दाजी बत्तीस वेळा चावून खाणारे. म्हणजे आम्ही तिघं हात बांधून बसलेलो, वायान चार पावलांवर उभा, आणि दाजींचा घास चाललेला. पंगतीत कसं, सगळ्यांचं झाल्याबिगर कुणी उठत नाही, तसंच हे. फक्त इथं आग्रह नाही. एक जिलेबी घ्याच, माझ्या गळ्याची शपथ, असं कुणी करत नाही, "फिनिश्ड सर?" विचारतात. मला आग्रह नसलेलं बरं वाटलं, मंडळींना कोरडं वाटलं, यावर आमचं अजून एकमत नाही.

तिसऱ्या दिवशी फुकेतला उतरलो होतो. परत आलो, आंघोळी केल्या, दोघी साड्या नेसल्या, मंडळींची पैठणी कारण त्या रात्री नटून यायचं होतं, आणि फोनमधे बघून बरोबर साडेपाचला दारात. दारात गर्दीच नाही. आत लोक आइस्क्रीम खायलेत. झालं असं की थायलंड सिंगापूरच्या एक तास मागं, फोननं किनाऱ्याचं नेटवर्क पकडून स्वतःच घड्याळ मागं घेतलं, आणि जहाज सिंगापूरच्याच टायमावर चाललेलं. म्हणजे साडेसहा वाजलेले. मी परत फिरायलाच लागलो होतो, बुफेत खाऊ म्हणून. वायाननं लांबनं बघितलं आणि हात केला. टेबल तसंच मांडलेलं, दाजींच्या जागेवर बिनअंड्याचं लिहिलेली चिठ्ठी. आठच्या पंगतीची तयारी करायची सोडून त्यानं आम्हाला सूपपासून सगळं वाढलं, घाई केली नाही.

हॉल रिकामा होता म्हणून त्या रात्री तो बोलला. आठ महिन्यांचा करार, साडेतीन झालेले. सकाळचा नाश्ता, दुपार, रात्र, तिन्ही वेळा ड्यूटी, मधे दोन-तीन तास झोप, आणि आठ महिन्यांत सुट्टीचा दिवस एक पण नाही. मुलगी तीन वर्षांची. नोकरी लागायच्या आधी ट्रेनिंगला आणि एजंटाला कर्ज काढून पैसे दिले, ते पहिल्या करारात फिटले.

दाजी मराठीत सांगत होते, आक्का ऐकत होती. मधेच म्हणली, "म्हंजी ऊसतोडच की. उचल घ्यायची अन् फेडाय जायचं."

दाजी यावर काही बोलले नाहीत. धारूरच्या बाजूला दिवाळी झाली की वर्गातली निम्मी पोरं आई-बापासंगं कारखान्याला जायची, हजेरीपटावर नुसत्या गैरहजेरीच्या खुणा, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची तेव्हा वर्ग पुढं गेलेला असायचा. तीस वर्षं बघितलंय त्यांनी. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा चटचट खाल्लं.

आता टिपचं खरं सांगतो. माणशी दिवसाला 18 डॉलरच्या आसपास टिप आपोआप बिलात लागते. चौघं, चार रात्री, 288 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं 24 हजारांच्या घरात. व्हॉट्सॲपवर कुणीतरी सांगितलेलं की काउंटरवर जाऊन ती कमी करून मिळते, आणि मी दुसऱ्याच दिवशी लाईनीत उभा होतो, पुढं लई माणसं होती म्हणून कंटाळून परत आलो. चौथ्या दिवशी नुसता समुद्र, वेळच वेळ, लाईन पण नव्हती. गेलो नाही. शेवटच्या रात्री वेटर लोक नॅपकिन फिरवत टेबलांमधनं नाचले, सगळ्यांनी व्हिडिओ काढले, वायानपण नाचला. आक्कानं पदराच्या गाठीतनं पाचशेची नोट काढून त्याच्या हातात कोंबली. बालीत ती कुठं चालणार, मी म्हणलं. "त्येला म्हाईत हाय," ती म्हणली.

उतरायच्या सकाळी डायनिंग रूममधे कुणीपण कुठंपण बसतं. आम्हाला दुसराच वेटर आला. वायान हॉलच्या त्या टोकाला होता, दोन्ही हातांत चार-चार ताटल्या, एकदा मान हलवली आणि गेला. दुपारी नवीन माणसं चढणार होती.

हैदराबादहून परत येताना जहीराबादच्या अलीकडं रात्री दहाला ढाब्यावर थांबलो. पोरानं पाण्याचे चार स्टीलचे ग्लास एका हातात बोटं बुडवून आणले, आदळले, आणि दालफ्राय-दालतडका-शेवभाजी-बैंगनमसाला एका दमात म्हणला. मी ऑर्डर द्यायला तोंड उघडलं तर आक्काच बोलली.

"गाव कुठलं रे बाळा तुझं?"

"देगलूर," तो म्हणला. "रोटी का भाकरी?"